कॉन्स्ट मॅपवर लूप आणि गुपचूप कॉपी
सी++ मध्ये कॉन्स्ट (म्हणजे बदलता न येणाऱ्या) मॅपवर, म्हणजे की-व्हॅल्यू (key-value) जोड्यांच्या कंटेनरवर, साधा इटरेटर (एकेका जोडीवरून पुढे सरकणारा) लावला की कंपाइलर बोंबलतो असं म्हणतात, तर ते बरोबरच आहे, कंटेनर कॉन्स्ट असला की बिगिन() कॉन्स्ट_इटरेटरच (फक्त वाचू देणारा) देतं, आणि 'कॉन्स्ट इटरेटर' ही वेगळीच भानगड, तो स्वतःच पुढे सरकत नाही. सी++११ पासून सरळ ऑटो लिहा ना, टाइप कंपाइलरच ओळखतो, कशाला एवढं टायपिंग!

पण मी एकदा लूपमध्ये कॉन्स्ट पेअर<स्ट्रिंग, इंट>& लिहून रेफरन्स (मूळ वस्तूचंच दुसरं नाव) आहे, कॉपी होणार नाही म्हणून निवांत बसलो होतो, आणि दर फेरीला कॉपी होत होती राव. मॅपमधली की (key) आधीच कॉन्स्ट असते, म्हणजे खरा टाइप पेअर<कॉन्स्ट स्ट्रिंग, इंट>. टाइप जुळला नाही, म्हणून कंपाइलर गुपचूप कॉपी करत होता. तेव्हापासून कॉन्स्ट ऑटो& च. आणि हो, कॉन्स्ट मॅपवर किंमत काढायला चौकटी कंस [] चालत नाहीत, ॲट() नाहीतर फाइंड() वापरा.