मुलीला पहिलीत कुठे टाकावं? मदत हवी आहे (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी, पोरगी जूनमध्ये पहिलीला जाईल, ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होताहेत त्यामुळे वयाचं टेन्शन नाही, पण शाळाच ठरत नाहीये. घरात आजीमुळे सगळी अहिराणीच. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत नेलं तर मॅडमनी "तुनं नाव काय शे" विचारलं आणि ही बया लगेच खुलली, शेळीच्या पिल्लाचं सगळं सांगून मोकळी! तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला मात्र ओढणी धरून गप्प. पण झेडपीला पट साठच्या आत, म्हणजे चार वर्गांना दोनच शिक्षक. आरटीईच्या २५ टक्क्यांत (खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागा) फॉर्म भरू का? चौथीपर्यंत मराठी करून पाचवीला सेमीत (गणित-विज्ञान इंग्रजीतून) टाकलेली मुलं गणिताला अडली का? खरं सांगा प्लीज.