टाचण (पाठाची लेखी आखणी) पूर्ण असतं, पण पाठ निरीक्षणात नेमकं बघायचं काय?

खाडीपल्याड:
देवगड तालुक्यातली जि. प. शाळा, पहिली ते सातवी, पट ४१, मुख्याध्यापक धरून तीन शिक्षक. लॉगबुकातले जुने शेरे सगळे एका साच्याचे: ‘टाचण पूर्ण. फलकलेखन सुवाच्य. साहित्याचा वापर वाढवावा.’ मुलांना काय आलं, ते एकाही शेऱ्यावरून कळत नाही. स्वतःचे वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाने पाठ कसा बघावा? शिवाय नोंद गोपनीय अहवालात, म्हणजे शिक्षकाच्या कामाच्या वार्षिक अहवालात, जाणार म्हटलं की शिक्षक पाठ ‘दाखवतात’. त्याचं काय करावं?

जांभा:
महिन्याकाठी अख्खा तास बघण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं बसा. आपल्या वर्गाला तेवढ्यापुरतं लेखन देता येतं.

मागे बसू नका, तिथून नुसत्या पाठी दिसतात. पुढच्या कोपऱ्यात बसा. कागदावर मुलांच्या जागा आखून घ्या आणि जे मूल एकट्याने उत्तर देईल त्याच्या चौकोनात रेघ मारा. सगळ्यांनी मिळून म्हटलेलं ‘होऽऽ’ मोजायचं नाही. रेघा त्याच चार चौकोनांत साचल्या, तर तो कागदच शिक्षकासमोर ठेवा, वेगळा शेरा लागत नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात तेही मनात मोजा. दोन आकडे मोजायच्या आत उत्तर स्वतःच दिलं जात असेल, तर मागच्या मुलाला विचार करायला वेळच मिळत नाही.

मग पाच वह्या उघडा, हुशार मुलांच्या सोडून. समजा ४०२ − १७८ चं उत्तर तिघांनी ३७६ लिहिलंय. ही घाई नव्हे. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय: ८ − २, ७ − ०, ४ − १. ‘वजाबाकीचा सराव घ्यावा’ असा शेरा दिलात तर हीच चूक आणखी वीस गणितांत घोटवली जाईल. ‘मधल्या शून्यावर अडतात; शतकाचा गठ्ठा सोडून ३ शतक, ९ दशक, १२ एकक मांडून घ्या; शुक्रवारी याच तिघांना ५०३ − २६७ द्या’ असं लिहा. शुक्रवारी खरंच बघा. माझ्या मते निरीक्षणाचा अर्धा जीव या दुसऱ्या फेरीत आहे.

वेंगुर्ल्याची बाई:
सर, जोडवर्ग (एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता) असेल तर शिक्षक ज्या वर्गाला शिकवत नाहीत त्याच्याकडे बघा. दर पाच मिनिटांनी किती मुलं रिकामी आहेत, एवढाच आकडा. फळ्यावरचं उतरवून झालं की दहा मिनिटांत गोंगाट होतो आणि दोष शिस्तीला लागतो. खरी उणीव काम आखण्यात असते.

वाचन तपासताना एक मिनिट लावून बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द अपेक्षित आहेत, तेही अर्थ समजून. पण ‘कुठे’च्या जागी ‘खय’ म्हणणाऱ्या मुलाला वाचता येत नाही असं लिहू नका. अर्थ त्याला लागलाय, फक्त तो मालवणीत बाहेर आला. तिथे शिक्षकाने ‘खय’ आणि ‘कुठे’ शेजारी शेजारी फळ्यावर लिहावं.

केंद्रातला:
पाठाच्या नोंदींची वही वेगळी ठेवा आणि अहवालासाठी ती वापरणार नाही, असं जूनच्या पहिल्या बैठकीतच सांगा. मग ते पाळा. एकदा जरी त्यातलं वाक्य अहवालात गेलं, तरी पुढचं वर्षभर सजवलेले पाठच बघावे लागतील.

बोलणं त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, दहा मिनिटं. मुलांसमोर नाही, पोषण आहाराच्या गडबडीतही नाही. एका वेळी एकच सुधारणा सांगा. महिन्यातून एकदा शिक्षकांनी तुमचा पाठ याच कागदावर बघावा.

मूल्यमापनाची वही जरूर बघा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाला (शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाला) दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अशी साधनं दिली आहेत. वर्णनात्मक नोंदी सगळ्या मुलांच्या सारख्याच असतील, तर त्या सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरल्यात हे उघड आहे.

खाडीपल्याड:
रेघांचा कागद सोमवारपासून सुरू करतो. आमच्या एका खोलीवर पत्रा आहे, जुलैत पाठ बघू की नको?

जांभा:
पावसाची सर पत्र्यावर कोसळत असेल तेव्हा तोंडी काम तपासू नका, शेवटच्या रांगेत शब्द पोचतच नाही आणि रेघा आपोआप पुढे जमतात. त्या दिवशी वह्या बघा. वाचन उघडीप मिळाल्यावर घ्या.