उजनीचा पाणीसाठा विचारला की एआय चुकीचा आकडा का देतं?

होटगी_रोड:
सोलापूरच्या उजनी धरणात आज किती पाणी आहे, हे दोन एआय सहायकांना मराठीत विचारलं. एकानं मागच्या पावसाळ्यातला आकडा आजचा म्हणून दिला. दुसरा म्हणतो ५४ टक्के, आणि धरण तर शून्यावर आलंय. दोघांनीही बातम्यांच्या लिंक दिल्यात. डाळिंब बागायतदारांसाठी असाच बॉट करायचा आहे. महागडं मॉडेल घेतलं तर हे थांबेल का?

जुळे_सोलापूर:
नाही थांबणार. आजचा साठा कुठल्याच मॉडेलला पाठ नसतो. ते शोधयंत्राच्या इंडेक्समधून, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या पानांच्या सूचीतून, काही उतारे उचलतं आणि त्यांवरून उत्तर जुळवतं. गूगलची एआय उत्तरं गूगलच्या इंडेक्सवर उभी असतात, कोपायलटची बिंगच्या. आजची बातमी इंडेक्समध्ये आलीच नसेल, तर जुनीच वर येणार.
दोष कुठं आहे ते असं तपासा: आधी लिंक उघडून बातमीची तारीख बघा. मग आजच्या बातमीचा मजकूर पेस्ट करून तोच प्रश्न विचारा. आता बरोबर आलं तर चूक शोधाची. तरीही चुकलं तर मॉडेलकडे बघा.

भीमाकाठ:
५४ कुठून आले ते सांगतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात ६३ च्या थोडा वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. टक्केवारी मोजतात ती उरलेल्या उपयुक्त साठ्याची. म्हणून ६३ टीएमसी पाणी असूनही धरण शून्यावर असतं, आणि उन्हाळ्यात उणे जातं. इंडेक्ससाठी बातमीचे तुकडे पाडतात. ‘एकूण ६३ टीएमसी’ एका तुकड्यात आणि ‘उपयुक्त साठा शून्य’ दुसऱ्यात गेलं, शोधात पहिलाच सापडला, तर ६३ भागिले ११७ म्हणजे ५४ टक्के!
तुमच्या बॉटमध्ये प्रत्येक तुकड्याला धरणाचं नाव, तारीख आणि ‘एकूण की उपयुक्त’ हे जोडाच. तक्ता मधूनच तोडू नका. मजकूर साफ करताना आकड्यापुढचं उणे चिन्ह उडत नाही ना, तेही बघा. उणे २० चे २० झाले तर बागेच्या पाण्याचं सगळं नियोजन चुकेल.

होटगी_रोड:
तुकड्यांचं लक्षात आलं. पण ‘शेतकऱ्यांना’ शोधलं की निम्मे कागद सापडतच नाहीत. जुने अहवाल पीडीएफमध्ये आहेत.

जुळे_सोलापूर:
दोन वेगळी कारणं आहेत. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. एनएफसी म्हणजे युनिकोड अक्षरं एकसारखी करण्याची नेहमीची पद्धत; तिनं हा फरक जात नाही, बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. तो कागदांना आणि प्रश्नालाही लावा. मराठी आणि इंग्रजी अंकांचंही तसंच. शिवाय उजनी, उजनीत, उजनीचा हे शब्दशोधाला तीन वेगळे शब्द वाटतात, तेव्हा प्रत्यय काढणारी पायरी घाला किंवा जोडीला अर्थावर चालणारा वेक्टर शोध ठेवा.
पीडीएफमधला मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर निरर्थक रोमन अक्षरं दिसतील. इंडेक्समध्येही तेच गेलेलं असतं. असे कागद आधी युनिकोडमध्ये बदला. नुसते स्कॅन असतील तर मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करा, आणि त्यातले आकडे मात्र माणसाकडून तपासून घ्या. ओसीआरमध्ये १ आणि ९ ची अदलाबदल होते.