आज रात्री 8 पासून गेट बंद, मग अक्कांचं काय?

सोसायटी ग्रुप, अक्कलकोट रोड, सोलापूर. बुधवार, 14 एप्रिल 2021

सेक्रेटरी (ए-101), सकाळी 8:12
सर्व सभासदांना नमस्कार. काल पाडव्याच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी जाहीर केल्याप्रमाणे आज रात्री 8 पासून 1 मे सकाळी 7 पर्यंत कोरोनामुळे कडक निर्बंध, जमावबंदीचं कलम 144 लागू. कमिटीने ठरवलंय की उद्यापासून धुणं-भांडी, पोळ्या आणि गाड्या पुसणाऱ्यांना गेटच्या आत सोडायचं नाही. वॉचमन आणि घंटागाडीवाले सोडून. सहकार्य करावे 🙏

देशमुख (बी-203)
👍 योग्य निर्णय.

कुलकर्णी काकू (ए-204)
माझ्या गुडघ्याचं काय मग. बरं, करते कसंतरी.

निखिल (सी-102)
तिकडं पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचा प्रचार जोरात, 17 ला मतदान. तिथल्या गर्दीला काय होत नाही, आणि आपल्या अक्का दोन बादल्या धुणं धुवून गेल्या की सोसायटी धोक्यात. भारीय बे.

सेक्रेटरी
निखिल, ग्रुपवर राजकारण नको.

शेख मॅडम (बी-304), 8:40
गेट बंद करायचं ठरलं. पगाराचं काय ठरलं?

*(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. 8:40 च्या मेसेजला निळ्या टिका मात्र भराभर आल्या.)*

देशमुख (बी-203), 9:05
मॅडम, मी स्पष्ट बोलतो. गेल्या वर्षी एप्रिल-मे पूर्ण दिला. जुलैत शहर पुन्हा दहा दिवस बंद झालं, 16 ते 26, तेव्हाही दिला. आता तिसऱ्यांदा. आमच्या कंपनीने आमचाच पगार कापलाय. काम नाही तर पगार नाही, जगात सगळीकडे हाच नियम.

कोंडा अण्णा (सी-201), 9:31
देशमुखसाहेब, मी टॉवेलच्या धंद्यातला माणूस, म्हणून लिहितो. लांब होईल.

मागावरचा कामगार महिन्याच्या पगारावर नसतो. जेवढं विणलं तेवढ्याचे पैसे, हिशेब आठवड्याचा. माग थांबले की त्याच्या नावावर मजुरी चढत नाही, नुसती उचल (आगाऊ घेतलेले पैसे) चढते. गेल्या वर्षी 29 मार्चला केंद्राने आदेश काढला की बंदच्या काळातली मजुरी कापू नका. 18 मेपासून तो आदेश गेला. जूनमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालक-कामगारांनी बसून मिटवा. आता पीस रेटवाल्याची न विणलेल्या टॉवेलची मजुरी किती धरायची, हे ना आदेशात होतं ना कुणी सांगितलं. मग प्रत्येकाने आपापल्या ऐपतीने काढली. कुणी दोन हजार दिले, कुणी फोन बंद ठेवला. मी दिले ते उचल म्हणून लिहिले आणि दिवाळीपर्यंत कापून घेतले. बहुतेकांनी तेच केलं.

आजच्या आदेशात एक्सपोर्टची ऑर्डर हातात असलेल्यांना कारखाना चालवता येतो, किंवा कामगार आवारातच राहत असतील तर. आपल्या पूर्व भागात घराच्या पुढच्या खोलीत चार माग टाकलेल्याला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याचे माग आज रात्री थांबणार.

अक्कांचे यजमान तसल्याच ठिकाणी कामाला आहेत. आणि अक्का दुपारी विड्या वळतात, हे किती जणांना माहितीये?

देशमुख (बी-203)
म्हणजे तुम्ही कापून घेतलेत आणि आम्हाला शिकवताय.

कोंडा अण्णा (सी-201)
म्हणूनच सांगतोय. कापून घ्यायचं असेल तर आजच तिच्या तोंडावर सांगा. जूनमध्ये पगार हातात आल्यावर कळायला नको.

कुलकर्णी काकू (ए-204), 9:58
मी आत्ताच फोन लावला तिला. म्हणाली, "काकू, विडी कारखाना पण बंद करतील म्हणायलेत. पान-तंबाखू कालचंच उरलंय, उद्यापर्यंत पुरतंय. मग काय बसून राहायचं." गेल्या वर्षी मार्चअखेर कारखाने बंद झाले ते कित्येक आठवडे उघडलेच नाहीत म्हणे. तंबाखूच्या विक्रीवर बंदी, मग विडी घेणार कोण. घरात पाच माणसं आणि दोन्ही धंदे एकाच दिवशी बंद. जनधनच्या खात्यात 500 आले तीन महिने. तांदूळ मिळाला रेशनचा, तेवढ्यावर काढलं. भाजीला पैसे नव्हते, ते मला तेव्हा बोलली नाही.

निखिल (सी-102)
आता पॅकेज आहे की. 5476 कोटींचं. घरकामगारांना 1500 रुपये, रिक्षावाल्यांना 1500, फेरीवाल्यांना 1500, बांधकाम मजुरांना 1500. महिनाभर शिवभोजन थाळी फुकट. रेशनवर माणशी 3 किलो गहू, 2 किलो तांदूळ.

वकील काका (ए-302), 10:10
निखिल, ते पैसे मंडळाकडे आधी नाव नोंदवलेल्यांना. घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. नोंदणीला आधार, वयाचा पुरावा, फोटो आणि जिथे काम करते त्या घरमालकाचा दाखला लागतो. अक्कांची नोंदणी आहे का?

कुलकर्णी काकू (ए-204)
नाही. फॉर्म घेऊन आली होती मागे एकदा. दाखल्यावर सही कुणी करायची म्हणून राहिलं.

देशमुख (बी-203)
राहिलं नाही, मीच म्हणालो होतो सही नको. उद्या ती म्हणेल पीएफ द्या, ग्रॅच्युइटी द्या.

वकील काका (ए-302)
त्या दाखल्यात एवढंच असतं की ही बाई माझ्याकडे काम करते. त्यातून पीएफचा दावा उभा राहत नाही. आणि विडीचं म्हणाल तर विडी कामगारांचा कायदा 1966 चा आहे. तिथे तिला पीएफ आहेही. आपल्या दहा घरांत ती इतकी वर्षं राबते त्याची मात्र कुठेच नोंद नाही.

रेखाताई (सी-303), 10:26
*फॉरवर्ड केलेला मेसेज*
कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी करून दिवसभर हुंगा. ऑक्सिजन लगेच वाढतो!! सर्वांना पाठवा 🙏🙏

डॉक्टर वहिनी (बी-101), 10:33
रेखाताई, याने ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर धोका असतो. कृपया पुढे पाठवू नका.

आता पगाराच्या विषयात थोडं बोलते, कारण तो माझाही विषय आहे.

माझा दवाखाना पूर्व भागात. गेल्या वर्षी शहरातला पहिला रुग्ण आपल्याला कळला 12 एप्रिलला, तोही मृत्यूनंतर रिपोर्ट आल्यावर. पुढे उन्हाळाभर सोलापूरचा मृत्युदर राज्यात वरच्या रांगेत होता. लोक म्हणाले, इथली माणसं बेफिकीर. मी बघितलं ते वेगळं. माणूस दवाखान्यात उशिरा येत होता, आणि उशीर का, तर ताप आहे म्हटलं की सगळ्या घराला क्वारंटाइन करतील, म्हणजे जो एखादा कमावता उरलाय त्याचीही मजुरी गेली. म्हणून क्रोसिन घेऊन चार-पाच दिवस काढायचे. धाप लागली की मग रिक्षा शोधायची, आणि रिक्षा बंद.

दुसरं, कोरोना नसलेल्यांचे हाल. शुगर-बीपीच्या गोळ्या संपल्या तर खासगी दवाखाने बंद, सिव्हिल कोविडने भरलेलं. अक्कांच्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या तेव्हा बंद पडल्या होत्या, मला ऑगस्टमध्ये कळलं. डायलिसिसवाल्यांचं तर बोलायलाच नको, त्यांना आठवड्यातून दोनदा-तीनदा जावंच लागतं आणि दर वेळी पोलिसांना कागद दाखवा.

म्हणजे आज आपण पैसे थांबवले तर ती ताप लपवणार. गेट बंद करून आपण सुरक्षित, हे मला पटत नाही. निर्बंध उठल्यावर ती परत आपल्याच घरात येणार आहे.

सेक्रेटरी
वहिनी, मग तुमचं म्हणणं काय, येऊ द्यायचं?

डॉक्टर वहिनी (बी-101)
नाही. सध्या आकडे ज्या वेगाने वाढतायत त्यात दहा घरांत फिरणं तिच्याच जिवाला धोक्याचं आहे. घरी राहू दे, पगार पूर्ण द्या. सोसायटीने दोन ऑक्सिमीटर घेतलेत, ते कपाटात पडलेत. एक तिच्याकडे द्या, वॉचमनला पण दाखवा. घरातच सहा मिनिटं चालायचं, आधी आणि नंतर बोट लावायचं. 94 च्या खाली गेलं किंवा चालल्यावर 3 ने उतरलं तर मला फोन. रात्री पण. आणि त्या 45 च्या पुढच्या आहेत, 1 एप्रिलपासून लस खुली आहे. आधार घेऊन केंद्रावर कुणीतरी सोबत जा.

निखिल (सी-102)
मी नेतो गाडीवर.

शेख मॅडम (बी-304), 11:02
आणि कुणाला ॲडमिट करायची वेळ आली तर? माझ्या चुलतभावाकडून एका खासगी हॉस्पिटलने गेल्या सप्टेंबरात आधी 50 हजार डिपॉझिट मागितलं, मग स्ट्रेचर आत घेतलं.

वकील काका (ए-302)
सरकारने मे 2020 मध्ये खासगीतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000. मोफत उपचारांची महात्मा फुले योजना त्याच महिन्यात पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही खुली केली, फक्त हॉस्पिटल यादीतलं हवं आणि तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) पहिल्याच दिवशी गाठायचं. डिस्चार्जच्या वेळी गेलात तर काही होत नाही. धर्मादाय हॉस्पिटलात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. रेशन कार्डाची झेरॉक्स अक्कांनी आत्ताच काढून ठेवावी, उद्या दुकानं बंद.

देशमुख (बी-203), 11:20
*हा मेसेज डिलीट करण्यात आला*

देशमुख (बी-203), 11:24
मी अर्धा देईन. पूर्ण जमणार नाही, घराचा हप्ता आहे. कापून घेणार नाही, एवढं लिहून देतो.

कोंडा अण्णा (सी-201)
चालेल की साहेब. तुमचा राहिलेला अर्धा माझ्याकडून धरा. यावेळी वहीत उचल नाही लिहिणार.

सेक्रेटरी, 11:50
कमिटीच्या तिघांशी फोनवर बोललो. गेटचा निर्णय कायम. प्रत्येक घराने एप्रिलचा पगार उद्या 15 ला आगाऊ द्यायचा, 30 ची वाट बघायची नाही. पोळ्यावाल्या मावशी आणि गाडी पुसणारा मुलगा यांनाही हेच. गाडीवाल्याचं गाव कर्नाटकात आहे, तो आज संध्याकाळी निघतोय असं वॉचमन म्हणाला. त्याचे पैसे 5 च्या आत गेटवर द्या. नोंदणीच्या दाखल्यावर कोण सही करणार?

कुलकर्णी काकू (ए-204)
मी करते. सगळ्यात जास्त वर्षं माझ्याकडेच आहे ती.

वकील काका (ए-302)
या 1500 ला उपयोग होणार नाही. पुढच्या वेळेला होईल.

निखिल (सी-102)
पुढची वेळ पण आहे का काका 😐

सेक्रेटरी
सी-301, ए-103, बी-202 यांचं उत्तर आलेलं नाही. अक्कांना गुगल पे आहे का कुणी सांगेल का?

कुलकर्णी काकू (ए-204)
फोन मुलाचा आहे. पैसे तिकडे टाकू नका, रोख पाकिटात द्या. मी दुपारी 4 ला तिला गेटवर बोलावलंय, मास्क लावून या सगळे.