भावाकडे किडनी मागायची कशी? घरात सगळे गप्प आहेत

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. वय ४१, सांगली. बारा वर्षं बीपी आहे, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आता भोगतोय. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते ती घाण, ७.८ आलंय. डायलिसिस अजून सुरू नाही पण डाव्या मनगटात फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि शीर जोडतात तो) करून ठेवलाय, रात्री हात उशाशी घेतला की त्याची घरघर कानात ऐकू येते, झोप लागत नाही. डॉक्टर म्हणाले घरातला डोनर मिळाला तर डायलिसिसच्या आधीच ट्रान्सप्लांट करता येईल, ते केव्हाही चांगलं.

माझा ग्रुप ओ पॉझिटिव्ह. आईचाही ओ पण तिला शुगर, पहिल्याच फेरीत बाद. वडील नाहीत. बायको बी पॉझिटिव्ह. राहिला धाकटा भाऊ, तो ओ. त्याला सगळं माहितीय. गणपतीत आला होता, माझी रिपोर्टची फाईल पाटाशेजारी पडलेली, त्याने उचलून कपाटावर ठेवली आणि तिथे आरतीचं ताट ठेवलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. त्याची दोन पोरं लहान आहेत, स्वतःचा टेम्पो आहे, भावजय तर त्यानंतर फोनच घेत नाही. बायको म्हणते सरळ विचारा, त्यात काय. पण हे काय उसने दहा हजार आहेत का?

बायकोचा भाऊ मात्र स्वतःहून म्हणतोय मी देतो, तोही ओ आहे, वय ३६. मेहुण्याची चालते का? आणि एका ओळखीच्याने व्हॉट्सॲपवर नंबर पाठवलाय, म्हणे डोनर अरेंज होईल, पेपर पण ते बघतात. अजून फोन केलेला नाही.

सातपूरकर
तो नंबर आधी डिलीट मारा. गंमत नाही, किडनीचा व्यवहार म्हणजे ५ ते १० वर्षं जेल आणि दंड २० लाखांपासून १ कोटीपर्यंत, आणि देणारा, घेणारा, मधला सगळेच त्यात येतात. शिवाय "पेपर पण बघतात" म्हणजे खोटे पेपर, दुसरं काय.

मेहुण्याचं असं आहे की कायद्यात जवळचा नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा आणि नातवंडं. मेहुणा, चुलतभाऊ, मित्र हे त्यात नाहीत. म्हणजे बंदी नाही, पण ऑथोरायझेशन कमिटीपुढे, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जावं लागतं, तिथे पैसे दिलेघेतले नाहीत हे पटवायचं, दोन्हीकडचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे, एकत्र काढलेले जुने फोटो, सगळं. लग्नाचा अल्बम आत्ताच शोधून ठेवा, त्यात मेहुणा असणारच.

सख्खं नातं असलं तरी कागद सोपे नसतात हो. मला आईने दिली. तिचं रेशनकार्डावर कमल, आधारवर कमलाबाई, आणि ती शाळेत गेलीच नाही तर दाखला आणणार कुठून. सगळ्या टेस्ट मॅच होऊन आम्ही तीन आठवडे एका "बाई" साठी थांबलो होतो. भावाची आणि तुमची आधार, जन्मदाखले, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आजच समोरासमोर ठेवून बघा.

धाकटी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मी दादाला २०१९ मध्ये दिलीय.

मला दादाने विचारलंच नाही, आईने विचारलं. आणि आईने विचारलं की नाही म्हणायला जागाच उरत नाही. मी दिलीच असती हो, पण मला विचार करायला चार दिवसही कोणी दिले नाहीत याचा राग बरीच वर्षं राहिला, अजून कधीकधी येतो. म्हणून सांगते, आईला मध्ये घालू नका, सणावाराला सगळ्यांसमोर विषय काढू नका, आणि बायकोकरवी भावजयीला तर अजिबात नाही. तुम्ही स्वतः मेसेज करा. फोन नको, फोनवर माणसाला लगेच उत्तर द्यावं लागतं. लिहा की मला किडनी लागणारे, तुझा ग्रुप जुळतो, तू नाही म्हणालास तरी आपलं काही बदलणार नाही आणि मी परत विचारणार नाही. आणि खरंच परत विचारू नका.

अजून एक, डोनरला हॉस्पिटलचे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर एकटं बसवून विचारतात, मनापासून देताय का, कोणाचा दबाव आहे का. तिथे तो नको म्हणाला तर घरच्यांना फक्त "डोनर म्हणून बसत नाही" एवढंच सांगितलं जातं. हे भावाला आधी कळू द्या, त्याला सुटायला दार आहे हे कळलं की तो निदान ओपीडीपर्यंत येईल.

माझ्या नवऱ्याची पण संमती मागितली होती. भावजय फोन घेत नाही म्हणता, अहो तिला कोणी काही नीट सांगितलंय का? माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, गॅस भरतात ना त्याने. चौथ्या दिवशी घरी. आता वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, पेनकिलर मनाने घ्यायची नाही. बाकी सगळं करते.

टॅक्रो सकाळ-संध्याकाळ
बायकोला बी आहे म्हणून बाजूला का काढलंत? ग्रुप न जुळताही ट्रान्सप्लांट होतं, आधी तुमच्या रक्तातल्या बी-विरोधी अँटीबॉडी मोजतात, मग औषध आणि प्लाझ्मा फेरेसिस (मशीनने रक्तातला अँटीबॉडीचा द्रव काढणं) करून त्या खाली आणतात. खर्च चांगलाच वाढतो आणि इन्फेक्शनला जपावं लागतं, पण माझं स्वतःचं तसंच झालंय, बायकोची किडनी, सहावं वर्ष.

स्वॅपबद्दल, म्हणजे न जुळणाऱ्या दोन जोडप्यांनी एकमेकांच्या पेशंटला किडनी देण्याबद्दल, कोणी ना कोणी सांगेलच, कायद्याने चालतं, पण तुम्ही ओ असल्याने अवघड आहे. तुम्हाला असं जोडपं लागणार ज्यात पेशंट बी आणि डोनर ओ, आणि ओ डोनर तर घरच्या बी पेशंटला थेटच देऊ शकतो, तो तुमच्याकडे कशाला येईल? क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला, म्हणजे ग्रुप जुळूनही पेशंटच्या अँटीबॉडी त्या डोनरच्या विरोधात निघाल्या, तरच. तरी नाव घालून ठेवा.

डिसीज्ड डोनरच्या, म्हणजे मृत्यूनंतर मिळणाऱ्या किडनीच्या यादीचंही हॉस्पिटलला विचारा, तुमच्या भागाला ती यादी सांभाळणारी संस्था पुण्याची झेडटीसीसी. ओ ची रांग लांब असते, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका. आणि हिमोग्लोबिन कमी झालं की कोणीही पटकन रक्ताची बाटली लावतो, तसं लावू देऊ नका, आधी नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) विचारा. बाहेरच्या रक्ताने अँटीबॉडी तयार होतात, मग जुळणारी किडनी पण जुळेनाशी होते.

सातपूरकर
आणि पैशाचं, महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी साडेचार लाखांपर्यंत आहे, पण योजनेत बसणारं हॉस्पिटल आहे का ते बघूनच फाईल तिथे न्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. धाकटी ताई, तुमचा मेसेज बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली आपण चुकत होतो. तुम्ही सांगितलं तसंच भावाला लिहिलं, पाच वेळा खोडून. निळी टिक आली आणि दोन दिवस काहीच नाही.

काल रात्री साडेदहाला त्याचा फोन. पहिलं वाक्य काय, तर "दादा, मला नंतर गोणी उचलता येतील का रे?" टेम्पोला हमाल ठेवणं त्याला परवडत नाही, भरणं-उतरवणं स्वतःच करतो. गणपतीपासून तो हेच डोक्यात घेऊन फिरत होता. भावजय म्हणे नातेवाइकांच्या तोंडून "एक किडनी गेली की माणूस अर्धा होतो" हे ऐकून बसलीय. मी काय सांगू?

धाकटी
दीड-दोन महिने अजिबात जड उचलायचं नाही, पुढचं सर्जन सांगतील तसं. मी पाण्याचे हंडे उचलते. पण तुम्ही सांगू नका, तुमच्या तोंडून ते मागणंच वाटेल. डॉक्टरांकडून ऐकू दे त्यांना. आणि ते दोन महिने टेम्पो कोण चालवणार, हप्ता कोण भरणार, हे घरात बसून ठरवा, ते डॉक्टर सांगणार नाहीत.

कृष्णाकाठ
हो, बरोबर. ड्रायव्हरच्या पगाराचं मेहुण्याशी बोललो, ते कायद्यात कसं बसतं हे आधी कोऑर्डिनेटरला विचारतो, उगाच देवाणघेवाण दिसायला नको. भाऊ अजून हो म्हणालेला नाही. मंगळवारी ओपीडी आहे, भावजय पण येणार आहे, डॉक्टरांशी मीच बोलणार म्हणालीय.