शब्दचर्चा : 'पासथ्रू' उपकरणाला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार
व्हर्ट-मॅनेजर हा आभासी यंत्रं, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे सॉफ्टवेअरचे संगणक, सांभाळायचा प्रोग्राम. त्याच्या धर्तीवरच्या पडद्याचं मराठीकरण चालू आहे. आभासी यंत्राच्या तपशिलात डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क अशी यादी असते. मूळ संगणकाचं (होस्टचं) कार्ड यंत्राला थेट दिलं असेल, म्हणजे 'पासथ्रू' असेल, तर तेही तिथेच दिसतं. मी 'यजमान पीसीआय उपकरण' लिहिलं (पीसीआय म्हणजे संगणकात कार्ड जोडायची पद्धत), तपासणाऱ्याने 'यजमान' खोडून 'होस्ट' केलं. शिवाय ते 'दिलेलं' आहे हे दोन्हींत येत नाही. पट्टी अरुंद आहे, दोन-तीन शब्दांतच बसायला हवं.

तद्भव
यजमान हा 'यज्' धातूवरून, म्हणजे यज्ञ करणारा. बोलण्यात त्याचा अर्थ नवरा असाही होतो. गेस्टला, म्हणजे आभासी यंत्राला, 'पाहुणा' लिहिणार असाल तरच यजमान शोभेल. पासथ्रूला 'आरपार' घ्या, अस्सल आहे.

मूळाक्षर
आरपार म्हणजे भोक पाडून पलीकडे. इथे काही पलीकडे जात नाही, ताबा बदलतो. लिबव्हर्टमध्ये (आभासी यंत्रं सांभाळणारी लायब्ररी) उपकरणाचा 'मॅनेज्ड' हा गुण 'यस' असेल तर यंत्र सुरू होताना कार्ड होस्टच्या ड्रायव्हरकडून सुटून व्हीएफआयओकडे, म्हणजे उपकरण यंत्राच्या हाती देणाऱ्या ड्रायव्हरकडे, जातं, यंत्र बंद झालं की परत मिळतं. म्हणून 'सुपूर्द'.

तद्भव
सुपूर्द फारसी!

मूळाक्षर
असेना, मराठीत मुरलेला आहे. 'वर्ग केलेले' मात्र नको, वर्ग केलेलं परत येईल असं कोणी धरत नाही.

जोडाक्षर
मग 'प्रतिनियुक्त' का नको? कर्मचारी मूळ खात्याचाच राहतो, काम दुसरीकडे करतो आणि मुदत संपली की परततो. व्यवहार तंतोतंत हाच.

अनुस्वार
माणसाची होते प्रतिनियुक्ती, साउंड कार्डाची नाही. आणि पट्टीत मावणार नाही.

रफार
शब्द कोणताही घ्या, पुढे काय दाखवता ते महत्त्वाचं. होस्टडेव्हमध्ये, म्हणजे दिलेल्या उपकरणाच्या लिबव्हर्टमधल्या नोंदीत, पत्ते दोन असतात : 'सोर्स'च्या आतला होस्टवरचा, बाहेरचा यंत्राच्या आतला. होस्टवरचाच दाखवा, कारण माणूस तोच एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणं दाखवणारी आज्ञा) हिच्या यादीत शोधतो. आणि तो पत्ता इंग्रजी अंकांतच राहू द्या. ०१:००.० असं देवनागरीत छापलं तर कॉपी करून टर्मिनलमध्ये चालणार नाही.

ग्राफिक्स कार्डाचं ०१:००.० दिलं तरी त्याचा आवाजाचा भाग बहुधा ०१:००.१ वर, त्याच आयओएमएमयू गटात (एकमेकांपासून वेगळी करता न येणारी उपकरणं) असतो. तो होस्टच्या ड्रायव्हरकडेच राहिला तर गट 'व्हायेबल' (देण्याजोगा) नाही म्हणून यंत्र सुरूच होत नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक दिसायला हव्यात.

जोडाक्षर
यूएसबीला हे लागू नाही. तिथे ओळख उत्पादक आणि उत्पादन क्रमांकांवरून पटते. दोन सारखेच डोंगल असले तर बस आणि डिव्हाइस क्रमांक द्यावा लागतो, आणि डोंगल काढून घातला की डिव्हाइस क्रमांक बदलतो. तेव्हा पडद्यावर जुनाच क्रमांक राहतो.

रफार
पीसीआयचंही तेच. नवं कार्ड बसवलं की बस क्रमांक सरकू शकतो आणि जुन्या पत्त्यावर भलतंच उपकरण येतं. म्हणून उपकरणाचं नाव दर वेळी होस्टला विचारून दाखवा. उपकरण नसेल तर नुसता पत्ता आणि पुढे 'सापडत नाही'.

तद्भव
'सापडत नाही' की 'अनुपलब्ध'?

रफार
'सापडत नाही'. अनुपलब्ध म्हटलं की दुसऱ्या यंत्राने धरून ठेवलंय असंही वाटतं, आणि त्यावरचा इलाज वेगळा आहे.