मदत हवी आहे: हार्डटेल की फुल सस्पेन्शन? शनिवारपर्यंत ठरवायचे आहे

डहाणूकरचा_दादा
नमस्कार. प्रश्न शीर्षकात आलाच आहे. सध्याची सायकल उतारावर इतकी आपटते की घरी आल्यावर कंबर धरून बसावे लागते, त्यामुळे आता मागेही शॉक असलेलीच, म्हणजे फुल सस्पेन्शन सायकल घ्यावी असे मनात आहे. दुकानदार मात्र फक्त पुढे शॉक असलेल्या हार्डटेलचाच आग्रह धरतो आहे, आणि त्याच्याकडे दुसरी सायकल नसल्यामुळेच तो तसे म्हणत असावा अशी मला शंका आहे. शनिवारी पैसे भरायचे आहेत. कृपया ‘तुमच्या गरजेनुसार ठरवा’ असे उत्तर देऊ नये. ते मला दुकानात फुकट मिळाले आहे.

पेठेतला_पंप
पाण्यात म्हैस आणि वर मोल, असा हा धागा आहे. बजेट किती, सायकल कुठे चालवता, तुमची उंची आणि वजन किती, सध्याची सायकल कोणती, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही.

डहाणूकरचा_दादा
बजेट सर्वसाधारण आहे. टेकडीवर चालवतो.

पेठेतला_पंप
पुण्यात पंधरा हजारांनाही सर्वसाधारण म्हणतात आणि दीड लाखांनाही. टेकडीचेही तसेच आहे. तळजाईच्या रुंद मातीच्या वाटेवर कोणतीही सायकल चालते. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला जो सुटा मुरूम आणि कातळाच्या पायऱ्या लागतात, तिथे प्रश्न वेगळा होतो.

डहाणूकरचा_दादा
४५ हजार, फार ताणले तर ५०. वेताळ टेकडी आठवड्यातून तीनदा, आणि रविवारी खडकवासल्यावरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्त्याने. उंची ५ फूट १० इंच, वजन ८२ किलो. आता तरी उत्तर द्यावे.

घसारा
वापरलेली फुल सस्पेन्शन घ्या, दुसरा विचारच करू नका. दहा वर्षे हार्डटेल चालवल्यानंतर दोन वर्षांपूर्वी मी तसा बदल केला आणि आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. लोकांना वाटते की मागचा शॉक केवळ पाठीच्या सुखासाठी असतो. प्रत्यक्षात खडबडीत वाटेवर मागचे चाक उसळून हवेत न राहता जमिनीला धरून चालते, त्यामुळे उतारावर ब्रेक लागतो आणि सुट्या दगडांच्या चढावर चाक जागच्या जागी फिरत बसत नाही. तासाभरानंतर पायांत जो जोर शिल्लक राहतो, त्याची किंमत हार्डटेलवाल्यांना कळत नाही.

हॅण्डलबार
घसारा यांनी लिहिलेले सर्व खरे आहे, पण ते चांगल्या फुल सस्पेन्शनबद्दल खरे आहे. पन्नास हजारांत नवी मिळते ती त्या नावाची दुसरीच वस्तू असते. मागच्या शॉकमध्ये दोन कामे होतात. स्प्रिंग किंवा हवा धक्का साठवते, आणि तेलाचा डॅम्पर ती साठवण हळूहळू जिरवतो. स्वस्त शॉकमध्ये दुसरे काम जवळजवळ नसतेच. धक्का जसा आत जातो तसाच परत येतो आणि सीट तुम्हाला उडवून लावते. शिवाय सांधे, बेअरिंग आणि शॉक यांवर खर्च झालेला पैसा उत्पादक कुठून तरी वाचवणारच, म्हणून ब्रेक केबलचे येतात, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा शॉकचा चिमटा, सुमार येतो आणि मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांसाठी कॅसेटऐवजी जुन्या पद्धतीचे फ्रीव्हील येते, ज्यावर जड माणसाचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा मधला दांडा, वाकण्याची शक्यता अधिक असते. धागाकर्ते ८२ किलोंचे आहेत. सिंहगड रस्त्यावर उभे राहून पायडल मारताना बराचसा जोर शॉक दाबण्यात जाईल, तो वेगळाच.

घसारा
मी नवी घ्या असे म्हटलेलेच नाही. ‘वापरलेली’ हा शब्द आपण वाचला नसावा.

हॅण्डलबार
वाचला. त्या सायकलच्या शॉकची सर्व्हिस शेवटची कधी झाली, हे विकणारा सांगतो का? हवेच्या शॉकचे सील साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावेत असे काही उत्पादक सांगतात. धागाकर्ते आठवड्यातून तीनदा टेकडीवर जातात, म्हणजे सहा महिन्यांत ती वेळ येते. त्यात आपला पावसाळा. टेकडीवरचा चिखल सांध्यांत शिरला की बेअरिंगमधले ग्रीस धुऊन निघते, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला छर्रे बदलून देईल, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून देईल, पण शॉक उघडणार नाही. मीही वापरलेलीच घेतली होती. विकणाऱ्याने ‘सर्व ठीक आहे’ असे सांगितले, आणि तीन महिन्यांत सांध्यांची बेअरिंग आणि शॉक मिळून सायकलच्या किमतीचा चौथा हिस्सा खर्च झाला.

घसारा
कारण आपण ती पारखून घेतली नाही. धागाकर्त्यांसाठी लिहितो. पुढचा ब्रेक दाबून ठेवावा, सीट मागून दोन बोटांनी धरावी आणि मागचे चाक जमिनीवरून सुटायच्या आत सीट हलकेच वर उचलावी. सांधे झिजलेले असतील तर चाक हलण्यापूर्वी बोटांना बारीकसा ‘टक्’ जाणवतो. कानांना ऐकू येईलच असे नाही. नंतर शॉकच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तिथे ओरखडा आहे, आणि तो ओरखडा प्रत्येक दाबाला सील कापतो. दांड्याभोवती तेलाचे ओले कडे दिसले तर भाव न करता घरी यावे.

निवृत्त_कारकून
मी १९८८ मध्ये साध्या काळ्या सायकलवरून सिंहगडाच्या पायथ्याला जात असे. पुढेही शॉक नव्हता, मागेही नव्हता, गिअरही नव्हते, आणि कंबर आजही शाबूत आहे. धागाकर्त्यांनी काळी सायकल घ्यावी आणि उरलेल्या पैशांत सीटखाली स्प्रिंग असलेले चामड्याचे सीट बसवावे.

पेठेतला_पंप
काका, आपल्या कमरेबद्दल आनंद आहे, परंतु प्रश्न दोहोंपैकी एक निवडण्याचा आहे आणि तिसरी काळी आहे.

मुरूमखडी
मला एक वेगळीच शंका येते. धागाकर्ते, सध्याच्या सायकलचे टायर किती रुंद आहेत, त्यांत हवा किती भरता, आणि फ्रेमचे माप काय आहे? उतारावर सीटवर बसून राहता की पायडलवर उभे राहता?

डहाणूकरचा_दादा
या गोष्टी सांगण्याची गरज असेल असे वाटले नव्हते. टायर १.९५ इंची आहेत. हवा पंक्चरवाला भरतो, अंगठ्याने दाबले तर मुळीच दबणार नाहीत इतकी. टायरवर ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पर्यंत असे छापलेले आहे. फ्रेम १६ इंची आहे, कारण ती मुळात धाकट्या भावासाठी घेतली होती. उतारावर अर्थातच बसतो, नाहीतर सीट कशासाठी असते?

मुरूमखडी
टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तितकी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नसतो. डांबरावर ते चालून जाते. मुरमावर मात्र असा टायर प्रत्येक खडा जसाच्या तसा कमरेपर्यंत पोचवतो. आपल्या वजनाला पुढे ३० पीएसआयच्या आसपास आणि मागे ३५च्या आसपास ठेवून पाहा. त्याहून फार खाली जाऊ नका, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोके पडतील. उतारावर सीट तीन-चार बोटे खाली घ्यावी, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवावेत, गुडघे आणि कोपर सैल सोडावेत आणि शरीराचा भार पायांवर घ्यावा. आपले गुडघे हा घरचाच शॉक आहे, आणि त्याला सर्व्हिस लागत नाही. आणखी एक गोष्ट. कळ कमरेतून पायात उतरत असेल तर सायकलच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

डहाणूकरचा_दादा
कळ पायात उतरत नाही. आज सकाळी हवा कमी करून आणि सीट खाली घेऊन एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर गेलो आणि नेहमीच्या वाटेने उतरलो. आपटणे निम्म्याने तरी कमी झाले हे कबूल करतो. मांड्या मात्र भरून आल्या आहेत, आणि हाताची बोटे शेवटच्या टप्प्यात बधिर झाली ती झालीच.

घसारा
उरलेले निम्मे मागच्या शॉकने गेले असते, एवढेच नोंदवतो.

हॅण्डलबार
बोटे बधिर होतात ती पुढून येणाऱ्या हादऱ्यामुळे आणि लहान फ्रेममुळे हातांवर पडणाऱ्या भारामुळे. मागचा शॉक त्याला काय करणार? दादा, हार्डटेल घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. २९ इंची चाके असावीत, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते. टायर निदान २.२ इंची, ब्रेक हायड्रॉलिक आणि मागे कॅसेट असावी. फोर्कला रिबाउंडचे, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत उघडेल ते ठरवणारे, बटण आहे का, हे स्वतः पायाजवळ वाकून पाहावे. आतली स्प्रिंग हवेची मिळाली तर उत्तमच, कारण ती आपल्या वजनाप्रमाणे कमीजास्त करता येते. फोर्क ज्यात बसतो तो फ्रेमचा पुढचा नळा खालच्या बाजूला रुंद होत गेलेला असेल तर दोन वर्षांनी चांगला फोर्क बसवता येईल. सरळ नळा असेल तर तो मार्ग जवळजवळ बंदच समजावा.

घसारा
एवढ्या अटींच्या यादीपेक्षा माझी दोन बोटांची परीक्षा सोपी होती.

डहाणूकरचा_दादा
दुकानात जाऊन आलो. हार्डटेल पाहिली, चाके, ब्रेक, कॅसेट आणि नळा सांगितल्याप्रमाणे आहेत, फोर्क स्प्रिंगचा आहे पण त्याला रिबाउंडचे बटण आहे. फक्त माझ्या मापाची, म्हणजे लार्ज, सध्या नाही. मीडियम आहे, आणि सीटखालचा दांडा लांब घालून देतो असे दुकानदार म्हणतो. चालेल का?

मुरूमखडी
लांब दांड्याने पायांचा प्रश्न सुटतो, हातांचा नाही. हॅण्डल होते तिथेच राहते, उलट उंच सीटवरून आपण त्यावर अधिक ओणवे होता आणि भार पुन्हा तळव्यांवर येतो. भावाच्या सायकलवर नेमके हेच चालू आहे.

डहाणूकरचा_दादा
म्हणजे शनिवार हुकला. लार्ज माप शिल्लक असलेले दुसरे दुकान कोणाला ठाऊक असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे. कर्वे रस्त्याच्या आसपास असल्यास अधिक बरे.